मांजराच्या हृदयाचं दुखणं निघाल्यावर: झोपेतला श्वास, पाव गोळी आणि सुकट

टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मांजराच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड निघाली आणि कागदावर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) आलं, की डॉक्टरांना आधी विचारा: रक्तदाब आणि थायरॉइड तपासलं का? म्हाताऱ्या मांजरात या दोन्हींमुळेही भिंत जाड होते आणि त्यांचा इलाज वेगळा असतो. इको सगळीकडे होत नाही. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्या-कोल्हापुरात जाण्याआधी फोन करून मांजराची इको होते का, आणि कधी, ते विचारा. मांजराला पाटीत घालून नुसतं जाऊन उभं राहिलात तर मांजराला फुकटचा प्रवास घडतो.

घरी करायचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे श्वास मोजणं. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. घुरघुरत असेल, उन्हात पडलेलं असेल, नुकतंच खेळून आलेलं असेल तेव्हाचा आकडा धरू नका. रोज साधारण एकाच वेळी मोजून कॅलेंडरवर लिहा. ३० च्या आत असेल तर ठीक. २० वरचं मांजर दोन दिवसांत २८ वर गेलं तर मात्र आकडा हद्दीत असूनही सावध व्हा. ३० च्या वर गेलं तर तासाभराने पुन्हा मोजा, तेव्हाही तेवढंच असेल तर डॉक्टरांना फोन. ४० च्या पुढे, पोट ओढून श्वास चालला असेल किंवा तोंड उघडं असेल तर तसंच उचलून न्या. खोकल्याची वाट बघू नका. माणसाला हृदयामुळे खोकला येतो, मांजराला सहसा येत नाही.

औषधं बहुतेक माणसांचीच, म्हणून मेडिकलमध्ये घोळ होतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात: ७५ मिलिग्रॅमची पाव गोळी, म्हणजे १८.७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. दुकानात याच नावाच्या गोळीत अ‍ॅस्पिरिन मिसळलेली पाकिटं सर्रास मिळतात. ती परत करा. पाठीमागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ही गोळी जहर कडू असते. तुकडा जिभेला लागला की मांजर फेस गाळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला बघूनच कपाटाखाली जातं. छोटी रिकामी जिलेटिन कॅप्सूल आणा, त्यात तुकडा घाला, वर लोण्याचं बोट फिरवा, आणि गिळल्यावर सिरिंजने ५ मिली पाणी गालाच्या कडेने हळूहळू सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

फुफ्फुसात किंवा छातीत पाणी झालं असेल तर फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. ४ किलोच्या मांजराला सुरुवातीला एका वेळी साधारण ४ ते ८ मिलिग्रॅम लागतं आणि गोळी असते ४० ची, त्यामुळे पिल कटर घ्या आणि नेमका किती तुकडा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पाण्यात विरघळवून माप काढायची युक्ती इथे चालत नाही. औषध विरघळत नाही, चुरा तळाला बसतो, एकदा कमी जातं, एकदा जास्त. टॉर्सेमाइड हे त्याच कामाचं पण कितीतरी जोरदार औषध. दुकानदार 'तेच आहे' म्हणाला तरी स्वतःहून बदलू नका. लघवी वाढते, म्हणून पाण्याची भांडी वाढवा, पाणी कधीच तोडू नका. सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं. मान खाली पडायला लागली तर बहुधा पोटॅशियम उतरलंय. उलट्या होत असतील किंवा खाणं बंद असेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

खाण्यात सुकट, खारे बोंबील, फरसाण बंद. पण बेचव अन्नापायी मांजर उपाशी राहत असेल तर हट्ट सोडा, खाणं महत्त्वाचं. दूध-भाकरीवर किंवा कुत्र्याच्या खाद्यावर वाढलेल्या मांजरात टॉरिन (मांस-मासळीतून मिळणारा, मांजराला लागणारा घटक) कमी पडून हृदय सैल होतं, फुगतं. हे १९८७ साली उघड झालं, आणि हा प्रकार वेळेत सापडला तर बराचसा भरून येतो. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून कोंबडी उकडली तर पाणी ओतून देऊ नका, तेही वाढा. हळद-मीठ-कांद्याआधीचं.

गणपतीतला डीजे आणि दिवाळीचे फटाके यांच्या दिवसांत आतली खोली, बंद खिडक्या. चैत्र-वैशाखात दवाखान्याला पहाटे निघा, पाटीवर सुती कापड टाका, हवा मात्र खेळू द्या.

मागचे पाय अचानक लुळे पडले, गार लागले, तळवे पांढरे-निळे दिसले आणि मांजर ओरडत असेल तर गुठळी अडकलीय. तेल चोळू नका, शेकू नका. पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजराला ते विषच. ताबडतोब न्या, वेदनाशामक इंजेक्शन पहिलं मागा. पुष्कळ मांजरं यातून वाचत नाहीत, आणि डॉक्टरांनी कायमची झोप देण्याबद्दल विचारलं तर तो निष्काळजीपणा नसतो.

रात्री अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर दारातच सांगा: हृदयाचं पेशंट आहे. मांजर मलूल दिसलं की सलाईन लावायची सवय असते, आणि तेच पाणी फुफ्फुसात उतरतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शननेही असं होऊ शकतं. इकोचा कागद, औषधांची यादी आणि श्वासाचं कॅलेंडर यांचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा.