जुन्या जिप्सीचे पाटे: आधी गेलेली उंची परत आणा, मग लिफ्टचं बघू

जुनी मारुती जिप्सी घेतली की पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, गाडी उचलायची, म्हणजे लिफ्ट करून उंच करायची. माझ्याही वळवळला होता. एका गॅरेजात गेलो, त्यांनी मागे एकेक जादा पाटा (गाडीचा भार झेलणारी कमानदार पोलादी पट्टी) टाकला, पुढे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा हलता दुवा) लावले, दोन तासांत गाडी उंच करून हातात दिली आणि मी खूश होऊन वरंधा घाटात घेऊन गेलो. पुढच्या आठ दिवसांत कळलं की गाडी रिकामी असताना बैलगाडीसारखी उडते, वळणावरून बाहेर पडताना स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि सरळ रस्त्यावर मागून बघणारा म्हणतो "तुझी गाडी तिरकी चालतेय का रे?" मग सगळं सोडवून पहिल्यापासून केलं. हे लिहितोय ते त्या दुसऱ्या वेळच्या कामाबद्दल, ज्यांना घरी किंवा ओळखीच्या मिस्त्रीबरोबर उभं राहून करायचंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जिप्सी १९८५ साली आली आणि बंद होईपर्यंत पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाटेच राहिले, आणि पाटे ॲक्सलच्या खाली असतात. म्हणजे पाट्याची कमान वाढवली किंवा शॅकल लांब केले तरी वर जाते ती चॅसी आणि बॉडी, डिफरेन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा गोल डबा) जमिनीपासून होता तिथेच राहतो. दगडावर आधी तोच घासतो. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, दुसरा उपाय नाही. २०५/७० आर १५ चा टायर साधारण ६६८ मिमी उंच, २१५/७५ आर १५ साधारण ७०३, म्हणजे फरक ३५ चा आणि गोळ्याखाली मिळाले त्याच्या निम्मे, साडेसतरा मिमी. बास. वर स्पीडोमीटर ५ टक्के कमी दाखवायला लागतो, काटा ६० वर असेल तर तुम्ही ६३ ने चाललेले असता. तरी लोक लिफ्ट का करतात, तर मोठा टायर मडगार्डला घासू नये, पुढून-मागून चढ-उताराचा कोन सुधारावा आणि चाकाला खाली-वर हलायला जागा मिळावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर दिसायला भारी दिसते म्हणून.

आता वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले, म्हणजे कमान जाऊन दबलेले, असतातच. माझा हिशोब सरळ आहे, जुन्या गाडीची पहिली लिफ्ट म्हणजे तिची स्वतःची गेलेली उंची परत आणणं. त्यानंतर बहुतेकांना अजून काही लागतच नाही.

तर आधी मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही टायरात हवा सारखी, आत सामान नाही, आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून वहीत लिहा. टायर कमी-जास्त झिजलेले असले तरी या मापात फरक पडत नाही म्हणून जमिनीपासून न मोजता मध्यापासून मोजायचं. माझ्या गाडीत मागे ड्रायव्हर साइड डावीपेक्षा २२ मिमी खाली होती. शिवाय बंप स्टॉपचं (ॲक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून असलेलं) रबर आणि ॲक्सल यांच्यात किती बोटं जागा उरलीय ते बघा. एक बोट उरलं असेल तर पाटा संपलाय, मग शॉकअप कितीही महाग टाका, गाडी आदळणारच.

कामाच्या दोन दिवस आधी सगळ्या नट-बोल्टला गंजाचं तेल मारून ठेवा, सकाळ-संध्याकाळ. हे टाळलंत तर त्याच वेळेच्या दुप्पट वेळ हातोडा मारण्यात जाईल. मागची शॅकलची पिन अडकलीच तर मिस्त्री लगेच म्हणेल गॅस कटर लावतो, त्याला तिथेच थांबवा. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे. कापायचंच तर ग्राइंडरच्याही ठिणग्या उडतात, म्हणून एकतर टाकी उतरवा नाहीतर हॅक्सॉने घाम गाळा. मी घाम गाळला, एका पिनला पाऊण तास.

सुरुवात मागून करा, मागचं सोपं असतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेकवर भरवसा नको. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करा. मग जॅक लावून चॅसीखाली स्टँड द्या, गॅरेजात त्याला घोडी म्हणतात, आणि दुसरा जॅक ॲक्सलखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही, विटांवर तर अजिबात नाही. आता ॲक्सलखालचा जॅक हळूहळू खाली सोडत पाटा मोकळा लटकेपर्यंत न्या. एका वेळी एकच बाजू सोडवा म्हणजे ॲक्सल दुसऱ्या बाजूच्या पाट्यावर धरून राहतो आणि पळत नाही. सोडवायचा क्रम असा: शॉकअपचं खालचं टोक, मग यू-बोल्टचे (पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचे) नट, खालची प्लेट, मग शॅकल आणि शेवटी पाट्याच्या पक्क्या डोळ्याचा (शॅकल नसलेल्या टोकाच्या गोल भोकाचा) बोल्ट. पाटा काढण्याआधी त्यावर खडूने "पुढे" असं लिहा. सेंटर बोल्टपासून (पाट्याचे सगळे थर एकत्र धरणाऱ्या बोल्टपासून) दोन्ही डोळ्यांचं अंतर सारखंच असेल असं धरून चालू नका, उलटा बसवला तर ॲक्सल पुढे-मागे सरकतो.

पाटा हातात आला की वायर ब्रशने घासून काढा आणि तडा शोधा. यासाठी जुना देशी उपाय आहे, रॉकेल आणि खडू. पाट्याला रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कापडाने कोरडा पुसा आणि वरून खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आत गेलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट ओली रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि जिथे खालच्या पाट्याचं टोक वरच्यावर टेकतं तिथे नीट बघा, तिथेच तुटतात. माझ्या डाव्या मेन (सगळ्यात वरच्या, डोळे असलेल्या) पाट्याला भोकापासून कडेकडे जाणारी अशी रेघ निघाली, नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून चालत नाही, नवाच घ्या, आणि एका बाजूचा मेन नवा टाकला तर दुसऱ्या बाजूचाही टाका नाहीतर गाडी परत एका अंगाला बसते.

बाकीचे पाटे धड असतील तर ते घेऊन हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या पाटे मिस्त्रीकडे जा. चकाचक कार गॅरेजपेक्षा या माणसाला जास्त कळतं. मी ज्यांच्याकडे गेलो त्या मामांनी पाटा ऐरणीवर आडवा धरला आणि टोकापासून मध्याकडे दोन-दोन बोटांवर एकसारखे घाव घालत गेले, एक लय होती, मध्येच थांबून पाटा डोळ्यापाशी धरून बघायचे, परत चार घाव. मी विचारलं, "मामा, गरम करून लवकर नाही का होणार?" तर म्हणाले, "लवकर होईल, पण पाणी उतरल पाट्याचं, म्हयन्यात परत बसंल." अगदी खरं आहे. पाटा तापवला की त्याला दिलेलं पाणी, म्हणजे भट्टीत आणलेला कडकपणा, जातं आणि परत नीट पाणी द्यायची भट्टी रस्त्यावरच्या दुकानात नसते, म्हणून थंडाच ठोकून घ्या. दोन्ही बाजूंचे पाटे शेजारी उभे करून कमान सारखी आलीय का ते तिथेच बघा. आणि हाव धरू नका, कमान जास्त मारली की पाटा लांबीला आखडतो, मग शॅकल आतल्या बाजूला ओढला जातो आणि पाट्याला दबताना पसरायला जागाच राहत नाही. गाडी नुसती लाकडासारखी कडक होते. गाडी उभी असताना शॅकल उभा किंवा खालचं टोक पक्क्या डोळ्यापासून जरा बाहेर कललेलं असं पाहिजे.

जोडताना नवे बुश (डोळ्यात बसणारी नळकांडी), नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा ताणले की संपले, जुने परत वापरायचे नाहीत. बुश रबराचेच घ्या असं माझं मत आहे. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) जास्त टिकतात पण घाटातल्या खडीवर दात वाजतात, आणि कच्च्या रस्त्यावर ते किरकिरायला लागले की डोकं उठतं. रबर बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. पाट्यांच्या थरांमध्ये मात्र घासून साफ करून थोडं ग्राफाइट ग्रीस, थापायचं नाही, धूळ धरते.

माझ्या पहिल्या कामात जे चुकलं ते इथे चुकलं होतं. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या पॅडच्या (पाटा टेकतो त्या सपाट जागेच्या) भोकात बसलंच पाहिजे. एका बाजूला ते कडेवर चढून बसलं होतं, तसेच यू-बोल्ट आवळले, मागचा ॲक्सल तिरका झाला आणि गाडी खेकड्यासारखी चालायला लागली. आवळण्याआधी बोट घालून चाचपा, मग दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. यू-बोल्टचे चारही नट कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, आणि शेवट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने). शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट मात्र हलके धरून ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, मागे बसून दोन-चारदा दाबा, आणि मग आवळा. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पीळ खाऊन बसतं आणि वर्षभरात फाटतं.

पुढचं कामही असंच, फक्त पुढे स्टेअरिंग आहे म्हणून डोकं जास्त लावायला लागतं.

आता एवढं करून गाडी वर आली, माझी मागे उजवीकडे ४५ मिमी आणि डावीकडे २५ मिमी आली, म्हणजे पावणेदोन इंच आणि एक इंच, एक रुपयाची लिफ्ट किट न घेता. याच्या वर अजून हवंच असेल तर लांब शॅकल, पण हिशोब समजून घ्या, शॅकल २ इंच लांब केला तर गाडी १ इंच उठते कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब झाला की ॲक्सल नाक खाली करून पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, यानेच स्टेअरिंग आपणहून सरळ येतं) कमी होतो, पाट्याची लांबी मीटरभर धरली तर २ इंचाला जवळजवळ ३ अंश. माझं स्टेअरिंग वळणावरून परत येत नव्हतं ते यामुळे. पाटा आणि पॅडच्या मध्ये पाचर टाकून सुधारता येतं, जाड बाजू पुढे, पण मग पुढचा पिनियन (डिफरेन्शियलचं शाफ्टला जोडलेलं टोक) खाली झुकतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, कोन वाढतो. इकडे ओढलं की तिकडे उघडं. म्हणून पुढे अर्ध्या-पाऊण इंचाच्या वर शॅकलने जाऊ नका. पाटे ॲक्सलच्या वर नेऊन बसवणारेही आहेत, त्यात पाच इंच वगैरे मिळतात पण पॅड नवीन वेल्ड, स्टेअरिंग लिंक नवीन, ब्रेक लाइन नवीन, रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीला हे करू नये.

लिफ्ट कितीही असो, हे बघितल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. गाडी घोडीवर घेऊन चाकं पूर्ण लटकू द्या आणि ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का ते बघा, पुढे स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. ताण दिसला की लांब होज, तिथे जुगाड नाही. त्याच अवस्थेत प्रोपेलर शाफ्टचा सरकणारा जॉइंट किती बाहेर आलाय तेही बघा. शॉकअप पूर्ण ताणून पाटा थांबवत असेल तर तो छोटा पडतोय, उभ्या गाडीत त्याचा रॉड साधारण मध्यावर असावा. स्टेअरिंग व्हील वाकडं झालं असेल तर ते काढून सरळ बसवू नका, ड्रॅग लिंकची (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवा. ५०-६० च्या स्पीडला पुढचं चाक थरथरायला लागलं तर आधी किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर वळतं ते) आणि टाय रॉडची (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं तपासा, लिफ्टने आजार होत नाही, लपलेला आजार बाहेर येतो. आणि हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याला शिव्या द्यायला लागू नयेत.

आरटीओचं पण बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनासारखे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी गाडी दाखवायला न्यायची असते, तिथे उंच शॅकल आणि बाहेर आलेले टायर लगेच दिसतात, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही तेच बघतो. मूळ पाटे ठोकून मूळ उंचीला आणलेल्या गाडीला कोणी काही विचारत नाही. माझे लांब शॅकल आता माळ्यावर पडलेत.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा, माझे तर जवळजवळ पाव फेरा फिरले, नंतर ५०० ला परत. तेव्हाच टेप घेऊन चारही मापं वहीत पहिल्या मापांशेजारी लिहा. नवे ठोकलेले पाटे थोडे बसतातच, माझे महिन्यात ६ मिमी बसले आणि तिथेच थांबले.