गॅलापागोस: क्रूझही हवी, डाइव्हिंगही हवं, आणि मुलंही सोबत

बोटींचे फोटो बघायला बसण्याआधी घरात एक प्रश्न सोडवून टाका. पाठीला सिलिंडर बांधून पाण्यात नक्की कोण उतरणार आहे? गॅलापागोसमध्ये प्राणी दाखवणाऱ्या बोटी बहुतेक वेगळ्या आणि डाइव्हिंगच्या वेगळ्या असतात. या बेटांचा बहुतेक भाग १९५९ पासून इक्वेडोरचं राष्ट्रीय उद्यान आहे, भोवतीचा समुद्र १९९८ पासून राखीव आहे, आणि कोणती बोट कुठे जाणार, काय करणार हे तिच्या परवान्यावर ठरतं. आठवडाभराच्या नेहमीच्या क्रूझवर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून वरवर पोहणं) भरपूर असतं, पण स्कूबा, म्हणजे सिलिंडर लावून खाली जाणं, सहसा नसतं. डार्विन आणि वुल्फ बेटांकडे जाणाऱ्या डाइव्ह बोटींवर दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात, जमिनीवर मात्र फारसं उतरता येत नाही. त्या मुलांसाठी नाहीतच. म्हणून जाहिरातीत ‘स्कूबाची सोय’ दिसली की लेखी विचारा: डाइव्ह याच बोटीवरून की दुसऱ्या, कोणत्या दिवशी, आणि आईबाबा पाण्याखाली असताना मुलांजवळ कोण?

माझं मत स्पष्ट आहे. एकाच बोटीचा हट्ट सोडा. आधी सांताक्रूझ बेटावर पोर्तो आयोरा गावात तीन-चार दिवस राहा, तिथून दिवसाच्या बोटीने डाइव्ह करा, एक दिवस आईने, एक दिवस बाबांनी. मग क्रूझ घ्या. हा क्रम मुद्दाम सांगतेय. एकाहून जास्त डाइव्ह झाले असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, बरेच जण २४ तास पाळतात. क्रूझ नंतर ठेवली की हे अंतर आपोआप मिळतं. सांताक्रूझच्या उंच भागातली महाकाय कासवंसुद्धा डाइव्हच्या दिवशी नकोत, कारण रस्ता बराच वर चढतो, आणि डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं विमानासारखंच टाळायचं असतं.

पहिलावहिला डाइव्ह इथे करू नये असं मला मनापासून वाटतं. प्रवाह जोरदार, पाणी गार. कोर्स घराजवळ किंवा शांत, उबदार पाण्यात पूर्ण करून या. पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने मुलांना दहाव्या वर्षापासून ‘ज्युनियर ओपन वॉटर’ हा कोर्स करता येतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा आणि सोबत पालक किंवा प्रशिक्षक लागतो. कोर्सचं कार्ड असलं तरी हॅमरहेड शार्कसाठी प्रसिद्ध असलेल्या गॉर्डन रॉक्सला मुलाला नेऊ नका, ती जागा अनुभवी लोकांची आहे. दमा, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली सर्दी, यातलं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आधीच घ्या. आणि विम्यात डाइव्हिंग येतं का, हे वाचूनच पैसे भरा.

आता मोसम. साधारण जानेवारी ते मे पाणी उबदार आणि समुद्र शांत असतो, लहान मुलं स्नॉर्केलिंगला न कुरकुरता उतरतात. जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट या थंड समुद्रप्रवाहामुळे पाणी गार, पण डार्विन-वुल्फकडे व्हेल शार्क याच काळात येतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर लाटा जास्त. ज्यांना बोट लागते त्यांनी हे महिने टाळावेत. एस्पान्योला बेटावरचे अल्बट्रॉस (मोठे समुद्रपक्षी) बघायचे असतील तर साधारण एप्रिल ते डिसेंबर. आमच्यासारख्या घरांना एप्रिल-मे सोयीचा वाटतो.

बोट निवडताना लांबीरुंदीपेक्षा माणसं मोजा. एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ पर्यटक असा नियम आहे. १६ जणांच्या बोटीवर एकच गाइड असला तर सगळे एकत्रच चालतात, आणि सी लायनच्या पिल्लापाशी रेंगाळलेल्या सात वर्षांच्या मुलीसाठी कुणी थांबत नाही. मोठ्या जहाजांवर (तिथली मर्यादा १०० प्रवाशांची) अनेक गट होतात आणि कुटुंबांचा वेगळा गट मागता येतो. मधलं म्हणजे कॅटामरान: दोन तळांमुळे कमी डोलतं. किमान वय, तिघांची केबिन, लहान मापाचे वेटसूट आणि मास्क, डेकचे कठडे, पांग्यात (छोट्या रबरी बोटीत) बसताना मुलांना लाइफ जॅकेट, हे सगळं विचारा. ‘वेट लँडिंग’ म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरणं, तेव्हा पट्ट्यांच्या सॅंडल घ्या. मास्क मुलांच्या चेहऱ्यावर घरीच बसवून बघा, गळका मास्क अख्खा दिवस बिघडवतो.

पैशांत उद्यानाचं प्रवेश शुल्क धरा: ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रौढांना २०० डॉलर, १२ वर्षांखालील मुलांना १००. शिवाय ट्रान्झिट कार्ड (बेटांवर येण्याजाण्याच्या नोंदीचं). डॉलर रोख ठेवा, इक्वेडोरचं चलनच ते आहे. विमानतळावर सामान तपासतात, बिया, फळं, माती लागलेले बूट नकोत. ड्रोन घरी ठेवा.

आणि मुलांना दोन मीटरचा नियम आधीच शिकवा. इथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत, इग्वाना (मोठा सरडा) पायवाटेवरच पसरलेला असतो. तो आपणहून जवळ आला तरी हात पुढे करायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. घरी खोलीत दोन मीटर टेपने मोजून दाखवा.