नेपल्स बंदरात बोट थांबली की: एका दिवसात पॉम्पेई आणि शहर

क्रूझची बोट इटलीतल्या नेपल्सला सकाळी ७ ला लागून संध्याकाळी ६ ला सुटणार असेल, तर हातात अकरा तास आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते सात-आठच असतात. उतरायची परवानगी मिळेपर्यंत वेळ जातो आणि परतीची शेवटची वेळ बोट सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. म्हणून दिवस उलटा आखा: चारपर्यंत बंदरात परत यायचं आणि त्याआधीचं सगळं त्यात बसवायचं. पॉम्पेई, म्हणजे राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर, आणि जुन्या नेपल्सचा एक फेरफटका आरामात होतो. त्यात काप्री बेट किंवा अमाल्फीचा किनारा घुसडू नका.

पॉम्पेईचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र लागतं. पासपोर्ट बोटीवर जमा असेल तर त्याची झेरॉक्स आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, गर्दीही तशीच.

बंदरातून बाहेर आलात की समोर कास्तेल नुओवो हा किल्ला दिसतो. त्याच्या बाजूला मुनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे. लाइन १ ने तिसरं स्टेशन गारिबाल्दी. तिथून चिरकुमवेसुवियाना ही लोकल पकडायची. मेट्रोचं साधं तिकीट तिच्यात चालत नाही. खिडकीवर जाता-येताचं वेगळं घ्या. गाडी सोर्रेंतोला जाणारी हवी आणि उतरायचं 'पोम्पेई स्काव्ही – विल्ला देई मिस्तेरी' ला. नुसतं 'पोम्पेई' वाचून चढलात तर दुसऱ्या मार्गाने गावातल्या स्टेशनावर पोचाल आणि उन्हात पायपीट होईल. प्रवास ३५-४० मिनिटांचा. गाडी जुनी, गर्दीची आणि पाकीटमारांची लाडकी, त्यामुळे सॅक पुढे घ्या. बसायला जागा हवी असेल तर एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला, चढा. गाडी तिथूनच सुटते. आदल्या रात्री रेल्वेच्या संपाची बातमी बघून ठेवा, इटलीत संप नेहमीचेच. संप असेल तर बोटीचीच सहल घ्या: तिची बस अडकली तर बोट थांबते, तुम्ही स्वतःहून गेलात तर नाही.

३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. ती दारावर ठेवायची सोय आहे. पोर्ता मरीना दारातून आत गेलं की फोरम (शहराचा मुख्य चौक), फोरमची स्नानगृहं, 'हाउस ऑफ द फॉन' हा वाडा, मग विया देल्लाबोंदांझा रस्त्याने थिएटरांपर्यंत, एवढं तीन तासांत होतं. फोरमच्या स्नानगृहांजवळच्या एका घराच्या उंबरठ्यात साखळीतल्या काळ्या कुत्र्याचं मोझेक आहे, ते चुकवू नका. रस्त्यात उंच दगड लावलेत ते चिखल-पाण्यातून पलीकडे जायला. त्यांच्यामधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची आणि रस्त्याच्या फरशीवर त्यांच्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. इ.स. ७९ साली शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं तेव्हाच्याच या खुणा. सावली जवळजवळ नाही. टोपी, जाड तळव्याचे बूट आणि रिकामी बाटली न्या. नळांचं पाणी पिण्यालायक असतं. चप्पल घालून गेलात तर दगडांवर पाय मुरगळेल.

साडेबारा-एकला तिथून निघा. दीड-दोनला गारिबाल्दीहून जुन्या शहरातल्या स्पाक्कानापोलीच्या गल्ल्यांत चालत शिरा आणि तिथे पिझ्झा खा. शाकाहारी मंडळींना मार्गरिता चालेल. मरिनारा पिझ्झाचं नाव समुद्री वाटलं तरी त्यात मासे नसतात, चीजही नसतं. टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच. स्फोल्याटेल्ला (पापुद्र्यांची गोड पेस्ट्री) आणि मिरीवाले ताराल्ली (खारी कडक कडी) मात्र दिसतात निरुपद्रवी, पण पारंपरिक पद्धतीत त्यांत डुकराची चरबी असते. विचारल्याशिवाय घेऊ नका. कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलात की दर वाढतो.

मंगळवारी सान्सेव्हेरो चॅपल आणि पुरातत्त्व संग्रहालय दोन्ही बंद असतात. इतर दिवशी चॅपलमध्ये संगमरवरी बुरख्याखालच्या ख्रिस्ताचा पुतळा (१७५३) बघायचा असेल, तर तिकीट आधीच काढलेलं हवं. नसेल तर रांगेत वेळ घालवू नका. गल्ल्या बघत साडेतीनला बंदराची वाट धरा. घड्याळ बोटीच्या वेळेशी जुळवून ठेवा, मोबाइल काय दाखवतो यावर विसंबू नका.