लघवीला जळजळ होतेय? डॉक्टरकडे निघायच्या आधी एवढं करा

सगळ्यात आधी म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. मागच्या वेळी मी तेच केलं, कुठल्यातरी जुन्या स्ट्रिपमधल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या, मग लॅबला सँपल दिलं, आणि तीन दिवसांनी कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध चालेल ते बघतात ती तपासणी) रिपोर्ट काय तर 'नो ग्रोथ', म्हणजे त्या गोळ्यांमुळे जंतू वाढलेच नाहीत, जळजळ मात्र तश्शीच. पैसे गेले आणि कुठलं औषध चालेल तेही कळलं नाही. म्हणून कल्चर सांगितलं असेल तर आधी सँपल, मग गोळी.

डबी लॅबमधूनच आणायची, ती स्टराइल म्हणजे जंतूविरहित असते, घरातली लोणच्याची बाटली कितीही उकळली तरी नको. हात धुवायचे, ती जागा पुढून मागे साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून मधली डबीत धरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. दोन तासांच्या आत पोचवा, नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये (सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर घरात महाभारत!). पाळी चालू असेल तर लॅबवाल्यांना सांगायचं.

मग एका कागदावर लिहून घ्या, कधीपासून त्रास आहे, रात्री किती वेळा उठावं लागतं, लघवी लाल दिसली का, वर्षभरात कितव्यांदा होतंय, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. जुने रिपोर्ट सोबत. प्रेग्नंट असाल, शुगर किंवा मुतखडा असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, गोळी त्यावरच ठरते. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळे लघवीतून साखर जाते आणि खाली फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, त्याचीही जळजळच होते.

धण्याचं पाणी, नारळपाणी प्या हवं तर, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखतंय, उलट्या होतायत, तर कागद-बिगद राहू दे, ताबडतोब निघा, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

नायट्रोफ्युरँटॉइन (लघवीच्या इन्फेक्शनचं अँटिबायोटिक) दिलं तर जेवणासोबत घ्यायचं, लघवी तपकिरी होते, मी पहिल्यांदा बघून घाबरले होते. आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर आलं की बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा, कधीकधी गोळी बदलावी लागते.