खाडीच्या जिगवर केस बांधण्याआधी

जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ, त्यावर केस बांधले की तो छोट्या माशासारखा दिसतो. जिताडा किंवा तांबोशी पकडायला केसांचे जिग बांधायला बसलात, तर एका बैठकीत एक डझन बांधा. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा असं केलं की प्रत्येकाची लांबी आणि जाडी वेगळी होते, आणि मासा लागला तर तो कशामुळे लागला हे कळत नाही. डझनासाठी डोकी मात्र चौदा घ्या, रंगवताना एक-दोन बिघडतात. इथली मापं ७ ग्रॅमचं डोकं आणि २/० मापाचा गळ धरून दिली आहेत. कोकणातल्या खाडीत दोन-तीन मीटर पाण्यासाठी हे मधलं माप आहे. उथळ, संथ पाण्यात साडेतीन ग्रॅम पुरतात. भरतीची ओढ जोरात असेल तर १० ते १४ ग्रॅम लागतात, कारण तळाला लागलेलं हाताला कळलंच पाहिजे. काठी ५ ते २० ग्रॅम फेकणारी घ्या. फ्लाय रॉडवर, म्हणजे अगदी हलकी आमिषं फेकायच्या काठीवर, ७ ग्रॅमचं शिसं फेकू नका. ते कानाजवळून जातं आणि काठीही मोडते.

डोकं निवडताना रंगापेक्षा मान बघा. डोक्यामागे शिशाचा जो बारीक भाग गळाच्या दांड्यावर उतरतो ती मान, आणि सगळं बांधकाम तिच्यावर उभं राहतं. बाजारातली बरीचशी डोकी रबरी माशासाठी ओतलेली असतात. त्यांच्या मानेवर रबर अडकवायला शिशाचा काटा असतो. केस बांधताना तोच काटा दोरा कापतो आणि गाठोडं एका बाजूला झुकवतो. शक्यतो ४ ते ६ मिमी साध्या मानेचं डोकं घ्या. काटेवालंच मिळालं तर काटा धारदार सुरीने छिलून काढा, कोरडी कानस मारू नका. शिशाची भुकटी हवेत उडते आणि पोटात जाते. छिलके डबीत गोळा करा, काम संपल्यावर साबणाने हात धुवा, टेबलावर चहाचा कप नको आणि लहान मुलं जवळ नकोत.

दोरी बांधायची कडी दांड्याशी ९० अंशाची असेल तर जिग पाण्यात आडवा लटकतो आणि उभा उचलून सोडायला बरा पडतो. कांदळवनाच्या मुळांतून ओढायचं असेल तर ६० अंशाची कडी कमी अडकते. गळ कथील चढवलेला किंवा स्टेनलेसचा हवा. साध्या काळ्या पोलादी गळाला खाऱ्या पाण्यात लगेच गंज धरतो, आणि दोऱ्याखाली धरलेला गंज दिसतही नाही. प्रत्येक टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. घसरलं तर ते बोथट आहे. धार आत्ताच लावा, कारण केस बांधल्यावर कानस फिरवली तर केस तुटतात.

रंगही केसांच्या आधीच लागतो. पावडर पेंट टिकतो. डोकं पक्कडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर काही सेकंद तापवायचं, पावडरीत क्षणभर बुडवून काढायचं आणि तारेवर टांगायचं. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि मिश्रणाचं शिसं त्याहूनही लवकर, म्हणून घाई करून जास्त तापवू नका. पावडर चढल्यावर १७५ अंशाला वीस मिनिटं भाजलं की रंग कडक होतो. त्यासाठी जुना छोटा ओव्हन वेगळा ठेवा, घरातल्या जेवणाचा अजिबात वापरू नका. रंग गरम असतानाच कडीतून सुई फिरवून भोक मोकळं करा. हे राहिलं तर खाडीवर दाताने रंग फोडायची वेळ येते, आणि खाली शिसं असतं. नेलपॉलिश स्वस्त आहे, दोन हात आणि वर एक पारदर्शक हात दिला तर चालतं, पण कालवांच्या खडकावर आपटलं की त्याचे टवके उडतात.

टेबलावर दोरा २१० डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप), मेण लावलेला सपाट नायलॉन ठेवा. साडेतीन ग्रॅमच्या जिगला १४० पुरतो. शिवणयंत्राचा पॉलिएस्टर दोरा अडीअडचणीला चालतो, पण त्याला पीळ असल्यामुळे तो सपाट बसत नाही आणि मान फुगते. शिवाय गळ पकडून ठेवणारी एक घट्ट जबड्याची व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारी एक बॉबिन, केसांसाठी वेगळी आणि चमकीसाठी (चकाकणाऱ्या धाग्यांसाठी) वेगळी अशा दोन बारीक कात्र्या (चमकी धार खाते), डोळ्याच्या पापण्यांचा छोटा कंगवा, पातळ सुपरग्लू आणि शेवटी दोऱ्यावर लावायला युव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात कडक होणारं) किंवा हेड सिमेंट (दोरा पक्का करणारं वार्निश).

केसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेत यासाठी व्हाइट-टेल हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे चितळ-सांबराचे केस कोणी दिले तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ही जनावरं संरक्षित आहेत. बकरीचे लांब पांढरे केस आपल्या कामाला अगदी योग्य आहेत. हरणाच्या शेपटीच्या बुंध्याकडचे केस पोकळ असतात आणि दोरा आवळला की पंख्यासारखे फाकतात. बकरीचे केस भरीव आणि मऊ असतात, दोऱ्याखाली फाकत नाहीत आणि पाण्यात जिवंत हलतात. फक्त ते गुळगुळीत असल्याने निसटतात, म्हणून सरसाचा एक थेंब त्यांना हवाच. कच्चे केस रिठ्याच्या पाण्यात किंवा शांपूत धुऊन सावलीत वाळवा. चरबी राहिली तर ना रंग धरतो ना सरस. वाळल्यावर बुंध्याची बारीक लव कंगव्याने काढून टाका. लव राहिली तर गाठोडं जाड होतं आणि केस हलायचे थांबतात.

केसांची जुडी चिमटीत दाबल्यावर काडेपेटीच्या काडीइतकी जाड हवी, त्याहून जास्त नाही. नवा माणूस हमखास दुप्पट घेतो. कोरड्या हातात ती झुबकेदार दिसते, पण पाण्यात ती बोय माशासारखी दिसत नाही, झाडूच होतो. टोकं कात्रीने सरळ कापू नका. जुडीतले सगळ्यात लांब केस ओढून काढून थोडे मागे सरकवून पुन्हा लावा, म्हणजे टोकाकडे नैसर्गिक निमुळतेपणा येतो. लांबी मानेपासून ६ सेंटीमीटर, गळाच्या दांड्याच्या दुप्पट इतकीच. जास्त ठेवली तर मासा शेपटी चावून सुटतो.

बांधणी क्लाउझर मिनो या केसांच्या बनावट माशाच्या पद्धतीने करा. बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीच्या स्मॉलमाउथ बास माशासाठी १९८७ च्या सुमारास हा नमुना केला. दांड्यावर धातूचे डोळे लावल्यामुळे तो सोडला की नाक खाली करून बुडतो, आणि गळाचं टोक वर राहतं. जिगचं डोकं नेमकं तेच काम करतं, म्हणून हा नमुना त्यावर छान बसतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हाइसमध्ये टोक खाली दिसतं, पाण्यात मात्र ते वर असतं. म्हणजे पांढरं पोट टोकाच्या विरुद्ध बाजूला आणि गडद पाठ टोकाच्या बाजूला. उलटं बांधलं तर माशाचं पोट काळं आणि पाठ पांढरी होते.

व्हाइसमध्ये गळ वाकाजवळ धरा, टोक जबड्यात घेऊ नका. डोक्याला लागून मानेवर दहा-बारा घट्ट वेढे द्या, एकाशेजारी एक, एकावर एक नाहीत. त्यावर सुपरग्लूचा एक थेंब टेकवून अर्धा मिनिट थांबा. रंगवलेली मान काचेसारखी असते, हा तळ नसेल तर सगळं गाठोडं नंतर मानेभोवती गोल फिरतं. पांढऱ्या जुडीचे बुंधे आधी तिरके कापून घ्या. सरळ कापले तर पायरी होते आणि दोरा तिच्यावरून घसरतो. जुडी चिमटीत धरून दोन सैल वेढे, तिसरा सरळ वर ओढून आवळा, मग आठ वेढे. चार ते सहा धागे चमकी दोऱ्याभोवती दुमडून दोन्ही बाजूंना बसवा, केसांपेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब. गळ उलटा करा. गडद जुडी निम्मी घ्या, दोन भाग करून टोकाच्या दोन्ही अंगांना लावा. ती जाड झाली तर टोक झाकतं आणि मासा तोंडात घेऊनही लागत नाही. शेवटी सहा-सहा वेढ्यांची व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली अडकवणारी गाठ) दोन वेळा, आणि रेझिन फक्त दोऱ्यावर. रेझिन केसांत झिरपलं तर मुळाशी ताठ ब्रश होतो, म्हणून ते सुईच्या टोकाने लावा.

आता बादली. प्रत्येक जिग चाळीस पौंड ताण सोसणाऱ्या तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) बांधून बादलीतल्या पाण्यात सोडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, पुढची दोरी त्याहून बारीक नको. गाठ कडीच्या अगदी वर असली तर जिग आडवा राहतो, पुढे घसरली की नाक वर करतो. नुसता जिग चुकतो असं वाटतं, पण बऱ्याचदा गाठ सरकलेली असते. ओढताना गोल फिरला तर केस एका बाजूला जास्त बसलेत, तो सोडून पुन्हा बांधा. केस वाकाला गुंडाळले जात असतील तर जुडी फार लांब किंवा फार विरळ आहे. मुळाशी दीड सेंटीमीटरचा ताठ केसांचा आखूड झुबका आधार म्हणून दिला की हे थांबतं.

खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, टोक वर करून टांगा आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा. ओला जिग बंद डबीत राहिला तर दोन दिवसांत गळाच्या वाकावर तांबडा डाग आणि केसांना कुबट वास येतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि सुट्या केसांच्या पिशवीत डांबराची गोळी, नाहीतर कसर लागते. रबरी मासे त्याच डबीत ठेवू नका. त्यांच्यातलं तेल रंगाला लागतं आणि रंग चिकट होतो.