एम्युलेटरमध्ये हार्ड डिस्क बसवताना या चुका टाळा

‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ हा संदेश काळ्या पडद्यावर उमटला की नवशिका माणूस लगेच एफडिस्क, म्हणजे डॉस या जुन्या प्रणालीतला डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्रॅम, उघडतो, आणि त्यानंतर तो जे काही करतो ते सहसा परत फिरवता येत नाही. ८६बॉक्स, पीसीईएम किंवा डॉसबॉक्स या एम्युलेटरांमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुना पीसी उभा करू पाहणाऱ्यांच्या तक्रारी मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे आणि माझा अनुभव असा की बहुतेक वेळा डिस्क बिघडलेली नसतेच, ती चुकीच्या आकड्यांनी वाचली जात असते.

आकडे लिहून न ठेवणे

एम्युलेटरची आभासी डिस्क साठवणारी साधी, कच्ची इमेज फाइल म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांची) एक लांबलचक रांग असते. ही रांग किती हेडमध्ये (डिस्कचे पृष्ठभाग वाचणाऱ्या टोकांमध्ये) आणि प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे पृष्ठभागावरच्या गोल पट्ट्यावर, किती सेक्टर धरून मोडायची, हे त्या फाइलच्या नावावरून किंवा आकारावरून एम्युलेटरला खात्रीने कळत नाही. चाळीस मुलांची रांग पाचापाचांच्या ओळींत उभी करायची की आठाआठांच्या, हे रांगेला थोडेच ठाऊक असते! सिलिंडर (सगळ्या हेडखालच्या एकाच क्रमांकाच्या ट्रॅकचा गट), हेड आणि सेक्टर हे तीन आकडे, ज्यांना मिळून डिस्कची भूमिती म्हणतात, ते आपणच सांगायचे असतात आणि डिस्क फॉरमॅट करताना जे सांगितले तेच पुढे प्रत्येक वेळी सांगायचे असते.

हे मी शिकलो ते स्वतःचे नुकसान करून घेऊन. माझ्याकडे ८१ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर अशी सुमारे ४० मेगाबाइटची एक इमेज होती. ती ४८६ प्रोसेसरच्या आभासी यंत्रावर तयार केलेली असल्यामुळे तिथल्या बायोसने (यंत्र सुरू होताना हार्डवेअर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) हे आकडे स्वतःच ओळखले होते आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्या डिस्कवर कंपायलर, ध्वनिकार्डाचे ड्रायव्हर आणि दोन रात्री खपून जुळवलेली कॉन्फिग.सिस फाइल होती. पुढे तीच इमेज मी त्याहून जुन्या ३८६च्या यंत्राला जोडली. त्याच्या बायोसमध्ये डिस्क आपोआप ओळखण्याची सोय नव्हती. १९८४ सालच्या आयबीएम एटीपासून चालत आलेला ठरावीक डिस्कप्रकारांचा तक्ता तेवढा होता. त्यात ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर असा एक प्रकार दिसला. क्षमता जवळपास तेवढीच भरत होती, तेव्हा ‘हाच असणार’ असे म्हणून मी तो निवडला.

यंत्र सुरू झाले आणि तोच संदेश आला. कारण अगदी सरळ होते. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड पार्टिशनची (डिस्कच्या आखून दिलेल्या भागाची) सुरुवात ‘सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १’ अशा पत्त्यावर शोधतो. ट्रॅकवर ६३ सेक्टर धरले तर हा पत्ता रांगेतल्या ६३ सेक्टरांनंतर येतो आणि १७ धरले तर १७ सेक्टरांनंतरच. पहिल्या ट्रॅकवरचा तो भाग रिकामा असतो, तिथे बूट सेक्टर कुठून सापडणार? माझी माहिती तोपर्यंत जशीच्या तशी शाबूत होती. बायोसमध्ये परत जाऊन तीन आकडे दुरुस्त केले असते तर दोन मिनिटांत काम झाले असते.

मी मात्र एफडिस्क उघडले, पार्टिशन पुसून नवे केले आणि ‘फॉरमॅट सी: /एस’, म्हणजे डिस्क कोरी करून तिच्यावर सिस्टिम फायली टाकण्याची आज्ञा, दिली. नवे पार्टिशन जुन्याच्या थोडे अलीकडे सुरू झाल्यामुळे नवा फॅट तक्ता (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) आणि त्यापाठोपाठ आलेल्या सिस्टिम फायली बरोबर जुन्या फॅट तक्त्यावर आणि मूळ डिरेक्टरीवर जाऊन बसल्या. दोन रात्रींचे काम एका आज्ञेत गेले, आणि इमेजची दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, ती कोणाला जुनाट वाटली तरी चालेल. इमेज फाइलच्या नावातच मी भूमिती लिहितो, म्हणजे ‘डॉस_५२०_१६_६३’ असे काहीतरी, आणि बाजूला चार ओळींची टिपण फाइल ठेवतो. कोणाकडून बिननावाची इमेज आलीच तर आधी तिचा आकार बाइटमध्ये पाहतो. १६ हेड आणि ६३ सेक्टर असतील तर एका सिलिंडरचे ५,१६,०९६ बाइट होतात. २६,८३,६९,९२० बाइटच्या फाइलला या संख्येने भागले तर बाकी न उरता ५२० सिलिंडर निघतात. बाकी उरली तर हेड आणि सेक्टर वेगळे असण्याचा संभव मोठा आहे, तेव्हा तिथेच थांबावे. आकडे हाती आल्यावर बायोसमध्ये तक्त्यातला ‘जवळचा’ प्रकार न निवडता स्वतः आकडे भरण्याचा प्रकार निवडावा, जो अनेक बायोसमध्ये ४७ क्रमांकावर असतो. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ दिसल्यावर माझा क्रम ठरलेला आहे: एम्युलेटर बंद करायचा, इमेजची प्रत काढायची, भागाकार करायचा आणि मग बायोसमध्ये जायचे. एफडिस्कची पाळी सर्वांत शेवटी येते आणि बहुधा येतच नाही.

हवी त्यापेक्षा मोठी डिस्क

२८६वर दोन गिगाबाइटची डिस्क मागणाऱ्यांना काय सांगावे हे मला अजून कळलेले नाही. जुन्या बायोसला आयडीई (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कवर १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट यांच्यापलीकडचे दिसत नाही. डॉस ३.३मध्ये तर एक पार्टिशन ३२ मेगाबाइटच्या वर जात नाही. ही मर्यादा १९८८ सालच्या डॉस ४पासून सैल झाली. फॅट-१६ ही डॉसची फायली मांडण्याची पद्धत दोन गिगाबाइटपर्यंत पोचते खरी, पण तेवढ्या पार्टिशनवर एक क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा सर्वांत लहान वाटा, ३२ किलोबाइटचा होतो आणि दोन ओळींची बॅच फाइलसुद्धा तेवढी जागा अडवते. आयबीएम एक्सटीसाठी मी ३०६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर ही १९८३च्या मूळ यंत्रातली १० मेगाबाइटची डिस्कच घेतो, आणि डॉस ६.२२साठी वर सांगितलेली ५२० सिलिंडरांची. त्याहून जास्त लागलेच तर दुसरी डिस्क जोडतो.

कंट्रोलर एमएफएमचा (आयडीईआधीच्या जोडणीच्या पद्धतीचा) आणि डिस्क आयडीईच्या वाहिनीवर, अशी जोडणी करून ‘डिस्क सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी सेटिंगचे पान एकदा शांतपणे वाचावे.

एफडिस्कनंतर यंत्र पुन्हा सुरू करावेच लागते. ‘इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन’ आले तर एकतर पार्टिशन झालेले नाही किंवा ते केल्यावर यंत्र पुन्हा सुरू केलेले नाही, आणि ‘इनव्हॅलिड मीडिया टाइप’ आले तर फॉरमॅट करायचे राहिले आहे. पूर्ण डिस्कऐवजी तिच्या काही भागाचेच पार्टिशन केले असेल तर ते स्वतः सक्रिय (बूट होण्याजोगे) करावे लागते. एफडिस्क तशी सूचना देते, पण घाईत ती वाचतो कोण?

एकच इमेज दोन्हीकडून उघडणे

ही चूक मला सर्वांत जास्त चीड आणते, कारण ती निव्वळ आळसातून होते. एम्युलेटर चालू असतो, आत विंडोज ९५ उघडलेले असते आणि एखादी फाइल आत टाकायची असते. मग माणूस तीच इमेज आपल्या रोजच्या संगणकावर ड्राइव्ह म्हणून जोडतो आणि फाइल त्यात टाकून मोकळा होतो. आतल्या विंडोजला याचा पत्ताच नसतो. त्याने फॅट तक्त्याचा काही भाग आपल्या स्मृतीत धरलेला असतो आणि पुढच्या वेळी काही साठवताना तो जुनाच तक्ता नव्यावर लिहिला जातो. दोन फायली एकाच क्लस्टरवर हक्क सांगू लागतात. मग डिस्क तपासणारे स्कॅनडिस्क धावते आणि तुटलेल्या तुकड्यांच्या ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांच्या फायली करून ठेवते. त्या उघडून कोणाला काही परत मिळाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

मी फायली आत नेतो त्या सीडीची आयएसओ इमेज करून. तिच्यावर आतून काही लिहिता येत नाही, त्यामुळे बिघडण्याचा प्रश्नच नाही. डॉसमध्ये सीडीचा ड्रायव्हर बसवणे जिवावर येत असेल तर फ्लॉपीच्या इमेज वापराव्यात. इमेज बाहेरून उघडायचीच असेल तर आधी आतली प्रणाली रीतसर बंद करावी, मग एम्युलेटर बंद करावा आणि मगच ती जोडावी. स्मार्टड्राइव्हसारखी, लिहायची माहिती आधी स्मृतीत धरून ठेवणारी सोय चालू असताना लिहिणे थोडे मागे राहिलेले असू शकते, तेव्हा एम्युलेटरची खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद करण्याची सवयही मोडावी.

याच चुकीचे एक चुलत भावंड आहे. व्हीएचडी या इमेज फाइलच्या प्रकारात मूळ इमेजवर आधारलेली ‘फरकाची’ इमेज करता येते. तिच्यात मूळ डिस्कपेक्षा बदललेले तेवढेच तुकडे साठतात, म्हणून ती छोटी आणि सोयीची वाटते. पण मूळ इमेजला नंतर हात लावला, अगदी एक फाइल टाकण्यापुरता जरी, तरी तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या फरक-इमेज भरवशाच्या राहत नाहीत. मूळ इमेज मी तयार झाल्याबरोबर फक्त वाचण्यापुरती करून ठेवतो.

डॉसबॉक्सवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ‘माउंट’ या आज्ञेने जोडलेले आपल्या संगणकावरचे फोल्डर म्हणजे हार्ड डिस्क नव्हे. इमेजवरून खरे डॉस बूट केले की ते फोल्डर दिसेनासे होते, आणि त्यात बिघाड काही नाही. दुसरे असे की इमेज जोडणाऱ्या ‘इमजीमाउंट’ आज्ञेमध्ये आकार देताना क्रम बायोसच्या उलट असतो: आधी सेक्टरचे बाइट, मग सेक्टर, मग हेड आणि शेवटी सिलिंडर, म्हणजे ५१२,६३,१६,५२०. बायोसच्या सवयीने सिलिंडर आधी लिहिले की आज्ञा तक्रार करते किंवा डिस्क वेडीवाकडी वाचली जाते, आणि मग पुन्हा कोणीतरी एफडिस्क उघडतो.