नाशिकची थंडी, नाताळची सुट्टी आणि आदल्या रात्रीची तयारी

बहिणीची दोन मुलं दरवर्षी नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून आमच्याकडे येतात आणि दरवर्षी त्यांच्या बॅगेत एकेकच पातळ हुडी असते, कारण तिकडे त्याच्यावर काही लागतच नाही. म्हणून मी डिसेंबर लागला की तयारीला लागते. यावेळी सगळं लिहूनच काढलंय, तुमच्याकडे पण पाहुणे येणार असतील तर कामाला येईल.

आधी कपडे. आपली थंडी खरी पहाटेची. साडेपाचला ८-१० अंश, निफाडकडे त्याच्याही खाली, आणि अकरा वाजले की ऊन असं लागतं की पोरं स्वेटर काढून कमरेला बांधतात. त्यामुळे एकच जाडजूड जॅकेट घेण्यात अर्थ नाही. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं विंडचीटर, म्हणजे ऊन चढेल तसं एकेक काढता येतं. कानटोपी प्रत्येकाला हवीच, आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत टाका कारण गवतातून चाललं की दवाने बूट ओले होतात आणि मग पोरं अर्ध्यातच घरी चला म्हणतात. स्वेटर घ्यायचे असतील तर शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला नाताळच्या आधीच जाऊन या, नंतर लहान मुलांचे साईज मिळत नाहीत. माळ्यावरच्या गोधड्या दोन दिवस गच्चीत कडक उन्हात टाका. आणि ओठांना लावायला साजूक तूप एका छोट्या डबीत, ते मी कुठेही जाताना सोबत ठेवते.

आता मुख्य काम, नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. सुट्टीत बाकी काही नाही जमलं तरी चालेल पण मुलांना एकदा इथे न्याच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, आणि हिवाळ्यात लांबलांबून आलेली बदकं, करकोचे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, कधी रोहित म्हणजे फ्लेमिंगो, सगळे तिथे बघायला मिळतात. पहिल्या वर्षी आम्ही निवांत नाष्टा करून निघालो, पोचेपर्यंत साडेदहा झाले, ऊन वर आलेलं, पाणी नुसतं चकाकत होतं आणि पक्षी पार लांब, धाकटा रडकुंडीला आला आणि मलाही फार वाईट वाटलं. तेव्हापासून नियम एकच, सूर्य उगवायच्या वेळेला चापडगावच्या गेटवर. म्हणजे घरातून पाचला निघायचं, म्हणजे रात्री साडेनऊला सगळे झोपलेले पाहिजेत, गाडीत पेट्रोल आदल्या दिवशीच, थर्मास धुऊन ओट्यावर, आलं किसून डबीत, मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरलेली. कपडे भडक नकोत, लाल-पिवळं टाळा, खाकी किंवा मातकट रंग बरा. दुर्बीण तिथे भाड्याने मिळते आणि गाईड पण असतात, गाईड नक्की घ्या, गावातलीच पोरं आहेत आणि लांबून नुसत्या उडण्यावरून पक्षी ओळखतात. तिथे मुलांना एक वही द्या, दिसला तो पक्षी लिहायचा. आमच्या वहीत वारकरी नावाचा पक्षी आणि जांभळी पाणकोंबडी सगळ्यात जास्त वेळा आहेत.

गाडी चालवणाऱ्यासाठी एक, आणि हे मी कळकळीने सांगतेय. सायखेड्याकडच्या रस्त्याला नदीकाठी पहाटे दाट धुकं असतं आणि याच दिवसात उसाच्या ट्रॉल्या चालू असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो की रिफ्लेक्टर नसतो. आदल्या संध्याकाळी हेडलाईट आणि वायपर तपासा, काच आतून पुसून ठेवा आणि वेग चाळीसच्या वर नेऊ नका, दहा मिनिटं उशीर झालेला परवडला.

चढाईला रामशेज किल्ला घ्या. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या सुट्टीतल्या गर्दीत लहान मुलांना घेऊन चढण्यासारख्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. रामशेजला आशेवाडीतून सोपी वाट आहे, आणि संभाजी महाराजांच्या काळात हा एवढासा किल्ला मोगलांना वर्षानुवर्षं दाद देत नव्हता ही गोष्ट वर बसून सांगितली की पोरं तटावरून खाली बघत गप्प ऐकतात. पाणी माणशी दीड लिटर, गूळ-शेंगदाणे, आणि रिकाम्या बाटल्या परत आणायला एक पिशवी. आईसारखे गुडघे दुखणारे असतील तर त्यांना पायथ्याशी उन्हात सतरंजी आणि संत्री देऊन बसवा, त्यांची पण सहल होते.

मिसळ रविवारी खायची असेल तर आठच्या आत, नऊनंतर रांगच रांग.

हुरड्याला ओळखीच्या शेतकऱ्याला चार दिवस आधी फोन करा, कारण कणसं कोवळी कधी आहेत ते त्यालाच माहीत असतं. आगटीसाठी गोवऱ्या त्याच्याकडे असतातच, आपण लसणाची चटणी, दही, गूळ आणि रेवड्या न्यायच्या. आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या दिसल्या तर तिथे फोटो काढायला घुसू नका. पारा फार उतरला की मणी तडकतात म्हणून तो माणूस रात्रभर धूर करत जागलेला असतो, आपल्याला मजा वाटते ती थंडी त्याच्या वर्षभराच्या पिकावर येते. विचारून बांधावर थांबा, काढणी चालू असेल तर दोन किलो त्याच्याकडूनच घ्या, भाव करत बसू नका.

संक्रांतीपर्यंत मुलं थांबणार असतील तर येवल्याला न्या, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथे पतंग चालतात, गच्चीगच्चीवर आसारी म्हणजे मांज्याची फिरकी, आणि हलकडी वाद्याचा आवाज. मांजा साधा सुतीच घ्या, नायलॉनचा बंद आहे आणि तो गळा कापतो, माणसाचाही आणि पक्ष्यांचाही. ज्या बदकांसाठी आपण पहाटे पाचला उठलो त्यांच्याच वाटेत तो लटकत राहतो. मुलांच्या बोटांना चिकटपट्टी, डोळ्यांना गॉगल, दुचाकीवर असाल तर गळ्याला मफलर घट्ट.

आणि पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा असते, त्याच्या आधीचे काही दिवस शहरातून दिंड्या जातात, पहाटेच्या गारठ्यात कितीतरी म्हातारी माणसं अनवाणी चालत असतात. आम्ही मोठ्या पातेल्यात चहा करतो, कागदी कप आणि ग्लुकोजची बिस्किटं आठवडाभर आधी आणून ठेवतो, आणि मुलांना लहान झालेले स्वेटर, जुन्या शाली धुऊन दिंडीतल्या माणसांना द्यायला एका पिशवीत बांधून दाराशीच ठेवतो. यावर्षी त्या पिशवीसाठी थोरल्याने आत्ताच फोनवरून सांगितलंय, माझी निळी कानटोपी पण टाक मावशी, मला आता ती होत नाही.